उसन्या नावाची कॉफी

१९६१ च्या नाताळच्या रात्री अमेरिकेतल्या नॅशव्हिल शहरात मॅक्सवेल हाउस नावाचे एक जुने, पाच मजली हॉटेल जळून गेले. राष्ट्राध्यक्ष तिथे मुक्कामाला येत असत तो काळ केव्हाच सरला होता. नाताळच्या मेजवानीच्या लांबलचक मेनूसाठी एके काळी दक्षिणेत गाजलेल्या या वास्तूत अखेरीला कायमचे भाडेकरू राहत होते. आग विझली तेव्हा हॉटेल उरले नव्हते, पण त्याचे नाव जागच्या जागी होते. देशभरातल्या किराणा दुकानांत आणि स्वयंपाकघरांतल्या फळ्यांवर ते निळ्या डब्यावर छापलेले होते. डबा उघडून सकाळची कॉफी करणाऱ्या बाईला असे एखादे हॉटेल खरोखर होते, आणि ते काल रात्री जळाले, हे ठाऊक असायचे काही कारण नव्हते. ज्याच्याकडून नाव घेतले तो गेला, नाव घेणारा मात्र जोमात राहिला. पुढच्या पानांत या कॉफीच्या जाहिराती कालक्रमाने येतील. त्या चाळण्याआधी त्यांच्या मागचे एक सूत्र हाती असावे, एवढ्यासाठी ही प्रस्तावना. ते सूत्र म्हणजे मॅक्सवेल हाउसचा इतिहास हा उसनवारीचा इतिहास आहे. नाव एका हॉटेलचे, घोषवाक्य म्हणे एका राष्ट्राध्यक्षाचे, थाट जुन्या दक्षिणेचा, सूर नदीवरच्या नाटकबोटीचा, ऊब एका परदेशातून आलेल्या आईची, आणि सर्वांत नवलाचे म्हणजे पावित्र्य एका प्राचीन सणाचे. आपल्याकडे उसने म्हटले की शेजारून आणलेली वाटीभर साखर आठवते. त्या वाटीचे काही अलिखित नियम असतात. ती मागून घ्यायची असते, परत करायची असते, आणि परत करताना रिकामी द्यायची नसते. कॉफीच्या या कंपनीने हे नियम कुठे पाळले आणि कुठे मोडले, हे पाहिले म्हणजे जाहिरात नावाच्या व्यवहाराचे बरेचसे मर्म हाती लागते.

सुरुवात साधीच आहे. जोएल ओव्स्ली चीक हा केंटकी राज्यात १८५२ मध्ये जन्मलेला माणूस घाऊक किराणा मालाचा फिरता विक्रेता होता. घोड्यावरून गावोगाव हिंडायचे, दुकानदारांच्या ऑर्डरी घ्यायच्या, हा त्याचा धंदा. त्या काळी ग्रामीण अमेरिकेत कॉफी बहुधा हिरव्या बियांच्या रूपात पोत्यांतून विकली जाई आणि घरी तव्यावर भाजली जाई. कधी कच्ची, कधी करपलेली, एका घरची चव दुसऱ्या घरी नाही. जॉन आर्बकल यांनी भाजलेली कॉफी कागदी पुड्यांत भरून विकायला सुरुवात केली आणि त्या धंद्याची दिशा बदलली. चीकचा ध्यास निराळा होता. वेगवेगळ्या देशांच्या बिया एकमेकींत कशा मिसळल्या म्हणजे एकीचा कडवटपणा दुसरीच्या सुगंधाने झाकला जाईल, याचा तो शोध घेत होता. नॅशव्हिलला आल्यावर त्याला रॉजर नोली स्मिथ हा इंग्रज दलाल भेटला. या स्मिथला नुसत्या वासावरून बी कुठल्या देशची ते ओळखता येई, अशी ख्याती होती. दोघांच्या खटपटीतून जे मिश्रण तयार झाले ते चीकने १८९२ मध्ये मॅक्सवेल हाउस हॉटेलला पुरवायला घेतले. हॉटेलने ते काही काळ वापरले, मग पुन्हा जुन्या कॉफीकडे वळायला गेले, तर गिऱ्हाइकांनी तक्रारी केल्या, अशी कंपनीची आवडती कथा आहे. कथेतला मीठमसाला सोडला तरी दोन गोष्टी पक्क्या आहेत. कॉफी चांगली होती, आणि चीकने तिला स्वतःचे नाव दिले नाही. ‘चीक’ या नावात वाईट काहीच नव्हते. पण ते एका विक्रेत्याचे नाव होते, आणि विक्रेत्याचा शब्द विक्रेत्याचाच राहतो. हॉटेलचे नाव घेतले की माल विकणारा मागे सरतो आणि माल पारखून घेणारा पुढे येतो. ज्या ठिकाणी श्रीमंत लोक जेवतात तिथे हीच कॉफी पितात, एवढे सांगायला डब्यावरचे दोन शब्द पुरले. ही पहिली उसनवारी, आणि निदान ती मागून केलेली होती.

पण उसने घेतलेल्या नावाबरोबर त्या नावाचा भूतकाळही घरात येतो. मॅक्सवेल हाउसची पायाभरणी १८५९ मध्ये जॉन ओव्हरटन या धनिकाने केली आणि हॉटेलला पत्नी हॅरिएट मॅक्सवेल हिच्या माहेरचे नाव दिले. बांधकामावर गुलाम मजूर राबले. दोन वर्षांत यादवी युद्ध पेटले, काम अर्धवट थांबले आणि त्या सांगाड्याचा उपयोग छावणी, इस्पितळ आणि तुरुंग म्हणून झाला. १८६३ मध्ये आतला जिना कोसळून दक्षिणेचे काही युद्धकैदी दगावले. हॉटेल म्हणून ते रीतसर उघडले १८६९ मध्ये, आणि त्याच्या दोन वर्षे आधी, १८६७ च्या एप्रिलात, गोऱ्यांच्या वर्चस्वासाठी हिंसा करणाऱ्या कू क्लक्स क्लॅनची बैठक याच इमारतीत भरल्याची नोंद इतिहासात येते. यातले काहीच डब्यावर छापलेले नाही, आणि कॉफीच्या डब्याकडून तशी अपेक्षाही कोणी करणार नाही. प्रश्न तेव्हा उभा राहतो जेव्हा कंपनी स्वतःहून भूतकाळाला हात घालते. १९२० च्या दशकात ही कॉफी दक्षिणेतून न्यूयॉर्कच्या बाजारात उतरली आणि जाहिरातींचे काम जे. वॉल्टर थॉम्पसन या बड्या संस्थेकडे गेले. तिने हॉटेललाच नायक केले. मासिकांच्या गुळगुळीत पानांवर झुंबरे, नाचाचे दालन, रेशमी घेरदार झगे घातलेल्या स्त्रिया, अदबशीर पुरुष आणि कडेला तबक घेऊन उभा असलेला, हसरा, काळा सेवक दिसू लागला. शिकागो किंवा बॉस्टनच्या कारकुनाच्या बायकोला चाळीस-पन्नास सेंटांत एका हरवलेल्या सरंजामी जगाचे पाहुणेपण मिळत होते. त्या चित्रात दोन प्रकारची उसनवारी आहे. हॉटेलच्या मालकांचा थाट त्यांच्या संमतीने घेतलेला आहे. तबक धरणाऱ्या माणसाचे हसू मात्र कोणाला विचारून घेतले? त्याच्या बापजाद्यांनी त्या भिंती बांधल्या, त्याने तिथे वाढपी म्हणून काम केले, आणि आता त्याच्या लाचारीला आतिथ्य असे नाव देऊन ती छापली जात होती.

यावर नेहमीचा आक्षेप असा की शंभर वर्षांपूर्वीच्या जाहिरातीला आजची मोजपट्टी लावू नये, तो काळच तसा होता. या आक्षेपात तथ्य आहे, पण ते ज्या बाजूने मांडले जाते त्या बाजूने नाही. काळ तसा होता म्हणूनच ही जाहिरात पुरावा म्हणून मोलाची आहे. जाहिरातदार गिऱ्हाइकाला नवा विचार शिकवायला जात नाही, तेवढा वेळ आणि पैसा त्याच्यापाशी नसतो. गिऱ्हाइकाच्या मनात जे आधीच आहे त्यालाच तो माल बांधतो. उत्तरेतल्या गोऱ्या मध्यमवर्गाला जुन्या दक्षिणेचे स्वप्न त्या वेळी गोड वाटत होते, गुलामगिरीची आठवण कडू वाटत नव्हती, हे या चित्रांइतके स्वच्छ क्वचितच दुसरे काही सांगते. रेडिओच्या काळात हाच धागा पुढे गेला. १९३२ ते १९३७ या वर्षांत चाललेला ‘मॅक्सवेल हाउस शो बोट’ हा कार्यक्रम त्या काळी सर्वांत जास्त ऐकल्या जाणाऱ्या कार्यक्रमांपैकी एक होता. ब्रॉडवेवर १९२७ मध्ये गाजलेल्या ‘शो बोट’ या संगीत नाटकाची कल्पना उचलून नदीतून गावोगाव फिरणारी एक काल्पनिक नाटकबोट उभी केली होती. गाणी, कॅप्टनचे जोरकस स्वागत, आणि काळ्यांच्या बोलीची नक्कल करून हशा पिकवणारी गोऱ्या नटांची एक जोडगोळी, असा सगळा सरंजाम. मंदीच्या ऐन कडाक्यात घरबसल्या फुकट नाटक मिळत होते आणि मध्येमध्ये कॉफीचे नाव येत होते.

आता घोषवाक्याकडे वळू. या कॉफीचे घोषवाक्य मराठीत आणायचे तर ‘शेवटच्या थेंबापर्यंत छान’ असे काहीसे होईल. त्याचे जन्मस्थान म्हणून कंपनीने वर्षानुवर्षे सांगितलेली गोष्ट अशी: ऑक्टोबर १९०७ मध्ये राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट नॅशव्हिलजवळ पूर्वीचे राष्ट्राध्यक्ष अँड्र्यू जॅक्सन यांचे ‘हर्मिटेज’ हे निवासस्थान पाहायला आले, तिथे त्यांना ही कॉफी दिली गेली, आणखी हवी का असे विचारताच त्यांनी खूश होऊन हे उद्गार काढले. रूझवेल्ट तिथे आले होते आणि त्यांनी कॉफी प्यायली होती, याबद्दल शंका नाही. ते कॉफीचे शौकीन होते हेही प्रसिद्ध आहे. अडचण एवढीच की जे वाक्य पुढे जगभर प्रसिद्ध झाले ते त्या भेटीच्या त्या वेळच्या बातम्यांत सापडत नाही. आणि गंमत म्हणजे १९०८ मध्ये नेमक्या याच शब्दांत कोका-कोलाने स्वतःच्या पेयाची जाहिरात केलेली आहे. पुढे एकदा कंपनीच्या बाजूनेच असेही सांगितले गेले की वाक्य राष्ट्राध्यक्षांचे नाही, क्लिफर्ड स्पिलर या कंपनीच्याच एका वरिष्ठाचे आहे. तरी रूझवेल्टची गोष्ट काही मागे पडली नाही, जाहिरातीत ती पुन्हापुन्हा येत राहिली. इथे उसनवारीचा दुसरा प्रकार दिसतो. देणारा हयात नाही, त्याने काय दिले याची पावती नाही, आणि घेणाऱ्याला ती पावती तपासण्यात रस नाही. एवढ्यावरून सगळी जाहिरात म्हणजे खोटेपणा, असा निकाल देण्याचा मोह होतो. तो टाळावा. कारण वाक्य टिकले ते रूझवेल्टमुळे नाही. त्यात एक छोटासा चावटपणा दडलेला आहे. शेवटच्या थेंबापर्यंत छान, मग शेवटच्या थेंबाचे काय बिघडले, असा विनोद अमेरिकेत लगेच निघाला आणि कंपनीच्या पथ्यावर पडला. मराठी वाचकाला हा पेच समजवायला नको. ‘दहा तारखेपर्यंत पैसे भरा’ म्हटल्यावर दहा तारीख धरायची की सोडायची, यावरून आपल्या कचेऱ्यांच्या खिडक्यांवर रोज वाद होतात. ज्या वाक्यावर लोक हुज्जत घालतात ते वाक्य लोकांच्या तोंडी बसते. बोधचिन्हातला तिरका झालेला कप आणि काठावरून निसटणारा एकच थेंब हे चित्र त्या हुज्जतीचेच चित्र आहे. हडसन नदीच्या काठी होबोकन इथे १९३९ मध्ये कारखाना झाला तेव्हा त्याच्या माथ्यावर हाच कप निऑनच्या दिव्यांत उभा केला गेला, आणि पलीकडच्या मॅनहॅटनमधल्या लोकांना रात्री तो थेंब पडताना दिसत राहिला.

दरम्यान कंपनीचे मालक बदलले होते, आणि हा बदल कोणा विनोदी लेखकाने रचला असावा असा आहे. १९२८ मध्ये चीक यांचा धंदा सुमारे चार कोटी वीस लाख डॉलरला विकत घेतला तो पोस्टम कंपनीने. पोस्टम हे गव्हाचा कोंडा आणि काकवी भाजून केलेले, कॉफीऐवजी प्यायचे पेय. त्याचा जनक सी. डब्ल्यू. पोस्ट याने १८९५ पासून उरलेली हयात कॉफीच्या बदनामीत घालवली होती. कॉफीने मज्जातंतू बिघडतात, दृष्टी जाते, माणूस कामातून जातो, असे त्याच्या जाहिराती ओरडून सांगत. त्याच्या पैशातून उभ्या राहिलेल्या कंपनीने आता देशातली एक बडी कॉफी विकत घेतली आणि वर्षभरात जनरल फूड्स असे भारदस्त नाव धारण केले. बरे, कॉफी घेतली म्हणून पोस्टम सोडले असेही नाही. १९३० च्या दशकात ही एकच कंपनी एकीकडे शो बोटीवरून कॉफीचे गोडवे गात होती आणि दुसरीकडे वर्तमानपत्रांतल्या चित्रपट्ट्यांतून ‘मिस्टर कॉफी नर्व्ह्ज’ नावाचा मिशाळ खलपुरुष रंगवून कॉफी पिणाऱ्यांच्या संसारात तो कसा विष कालवतो ते दाखवत होती. जाहिरातीतल्या मतांना मालकाची मते समजू नये, याला इतका उघडा पुरावा शोधून सापडायचा नाही.

आणि तरीही, अशा कोडग्या व्यवहारातून एक अशी वस्तू जन्माला आली की तिच्याकडे नुसते कोडगेपणाने पाहता येत नाही. ज्यू लोकांच्या पेसाह सणात, ज्याला मराठी बायबल वल्हांडण म्हणते, आंबवलेले धान्य वर्ज्य असते. गहू, जव, राय यांचे खमीर घातलेले काहीही घरात ठेवायचे नाही. पूर्व युरोपातून आलेल्या अश्केनाझी ज्यूंची परंपरा याहून कडक, त्यांना या आठ दिवसांत कडधान्येही चालत नाहीत. अमेरिकेत कॉफीच्या बीला इंग्रजीत शेंगेतल्या दाण्याचाच शब्द वापरतात. मग ही बीही कडधान्यातलीच असणार, अशी समजूत पसरली आणि सणात अनेक घरी कॉफीऐवजी चहा होऊ लागला. एका शब्दाने आठ दिवसांचा खप खाल्ला. न्यूयॉर्कमध्ये ज्यू गिऱ्हाइकांसाठी जाहिराती करणारे जोसेफ जेकब्ज यांनी हे हेरले. १९२३ मध्ये त्यांनी एका सनातनी रब्बींकडून, म्हणजे ज्यू धर्मगुरूंकडून, निर्णय मिळवला की कॉफीची बी ही शेंगेतला दाणा नसून फळातली आठळी आहे, म्हणून ती पेसाहला चालते. मग १९३२ मध्ये मॅक्सवेल हाउसने जेकब्ज यांच्या सल्ल्याने कॉफीच्या डब्याबरोबर हागादाची प्रत फुकट द्यायला सुरुवात केली. हागादा म्हणजे पेसाहच्या पहिल्या रात्री जेवणाच्या टेबलाभोवती सगळ्या कुटुंबाने मिळून वाचायची पोथी. इजिप्तच्या गुलामीतून सुटकेची कथा, धाकट्या मुलाने विचारायचे चार प्रश्न, द्राक्षारसाचे चार पेले, कडू भाजी, बेखमीर भाकरी, हे सगळे कोणत्या क्रमाने करायचे ते तिच्यात असते. एका पोथीने भागत नाही, टेबलावरच्या प्रत्येकाच्या हाती प्रत लागते. वीस माणसांच्या घराला वीस प्रती विकत घेणे मंदीच्या काळात परवडणारे नव्हते. किराणा दुकानात मात्र त्या फुकट मिळत होत्या.

ही प्रत हातात धरली तर काय दिसते? पातळ कागद, पिनांनी टाचलेली, उजवीकडून उघडणारी. एका बाजूला हिब्रू, दुसऱ्या बाजूला इंग्रजी. पुढच्या काळात घरोघरी ओळखीचे झालेले निळे मुखपृष्ठ. आणि जुन्या प्रतींच्या पानांवर द्राक्षारसाचे डाग, विशेषतः इजिप्तवरच्या दहा संकटांची नावे घेताना बोटाने थेंब काढायची जी रीत आहे त्या पानावर. आजवर अशा पाच कोटींहून अधिक प्रती वाटल्या गेल्या. सोव्हिएत रशियातल्या ज्यूंपर्यंत त्या पोहोचल्या, सैनिकांच्या छावण्यांत पोहोचल्या. २००८ च्या निवडणुकीत प्रचाराच्या धावपळीत ओबामांच्या तरुण कार्यकर्त्यांनी एका हॉटेलात हा विधी उरकला तेव्हा हीच प्रत होती, आणि पुढच्या वर्षी व्हाइट हाउसमध्ये राष्ट्राध्यक्ष टेबलावर बसले तेव्हाही हीच. २०११ मध्ये तिचे इंग्रजी भाषांतर नव्याने झाले, राजा आणि पिता अशा पुरुषवाचक शब्दांना पर्याय आले, तर जुन्या भाषेवर पोसलेल्या पिढीने नाके मुरडली. कॉफीच्या डब्याबरोबर फुकट मिळालेल्या पुस्तिकेच्या भाषेवरून घराघरांत मतभेद होतात, याचा अर्थ ती पुस्तिका केव्हाच डब्यापासून सुटी झाली आहे.

यावरचा आक्षेप उघड आहे आणि तो हलका नाही. गुलामीतून सुटकेची कथा सांगणाऱ्या पोथीवर व्यापाऱ्याने आपली पाटी लावली, धर्म विकायला काढला. या आक्षेपाचे एक उत्तर असे देतात की कंपनीने मूळ पाठाला हात लावला नाही, प्रार्थनेत कुठे कॉफी घुसवली नाही. हे खरे आहे, पण पुरेसे नाही, कारण देवळाच्या पायरीवर नाव कोरणारा दाताही मूर्तीला हात लावत नसतो. अधिक चांगले उत्तर आपल्या ओळखीच्या एका वस्तूत सापडते. वाण्याने दिवाळीला दिलेल्या कॅलेंडरवर लक्ष्मीचे चित्र असते. वर्ष संपले की घरातली कोणी तरी ते चित्र कापून चौकटीत बसवते आणि खाली छापलेले दुकानाचे नाव कात्रीबरोबर केरात जाते. देव ठेवून घ्यायचा आणि जाहिरात टाकून द्यायची, हा गिऱ्हाइकाचा हक्क गिऱ्हाईक बजावते. अमेरिकेतल्या ज्यू घरांनाही तो हक्क होता. मुखपृष्ठ फाडायला काहीच अडचण नव्हती. त्यांनी ते फाडले नाही. परक्या देशात आलेल्या, नावे बदलून घेतलेल्या, शाळेत हिणवल्या गेलेल्या लोकांच्या दृष्टीने एका प्रतिष्ठित, पक्क्या अमेरिकी कंपनीने आपल्या सणाची दखल घ्यावी, आपल्या लिपीत पुस्तक छापावे, यालाच एक मोल होते. म्हणजे या व्यवहारात उसने दोघांनी घेतले. कंपनीने त्यांचे पावित्र्य घेतले, त्यांनी कंपनीचे अमेरिकीपण घेतले. वाटी भरून आली आणि भरून परत गेली. मघाच्या तबकवाल्या सेवकाच्या चित्राशी हे ताडून पाहिले म्हणजे फरक कळतो: तिथे ज्याचे घेतले त्याच्या घरी काहीच गेले नाही.

ही देवघेव अटळ होती असे मात्र समजू नये, आणि तसे समजू नये याची साक्ष महाराष्ट्रातच आहे. कोकणातून मुंबई-पुण्यात पसरलेल्या बेने इस्राएल समाजाने हिब्रूसोबत मराठी भाषांतर असलेला हागादा १८४६ मध्ये मुंबईत शिळाप्रेसवर छापून घेतला, आणि १८७४ मध्ये पुण्यात सचित्र आवृत्ती काढली. तिच्यातल्या एका चित्रात बेखमीर भाकरी करणाऱ्या बायका आपल्याकडच्या पेहरावात दिसतात. ज्या समाजात या सणाला एके काळी ‘अनाशी ढाकाचा सण’ असे अस्सल कोकणी वळणाचे नाव होते, त्याला आपण इथलेच आहोत हे सिद्ध करायला कोणत्याही कंपनीच्या शिक्क्याची गरज नव्हती. भाषाच त्यांची होती. न्यूयॉर्कच्या ज्यूंना नव्या भाषेत घर करायचे होते, आणि तिथे निळ्या डब्याची मदत झाली.

राहिला सर्वांत रोखठोक आक्षेप. हे सारे ठीक आहे, पण कॉफी शेवटी चवीवर खपते, नावागावावर नाही. चीकचे मिश्रण चांगले नसते तर हॉटेलने ते ठेवले नसते आणि पुढचा इतिहास घडला नसता. हे मान्यच करावे लागते. पण मग पुढे काय झाले तेही पाहावे लागते. १९५३ मध्ये ब्राझीलच्या मळ्यांवर हिमदव पडला, १९५४ मध्ये भाव कडाडले, आणि अमेरिकेतल्या मोठ्या कॉफी कंपन्या, मॅक्सवेल हाउस त्यांत आलीच, आफ्रिकेतून येणारी स्वस्त आणि कडवट रोबस्टा बी हळूहळू मिश्रणात वाढवू लागल्या. दर वेळी थोडीशी, गिऱ्हाइकाच्या जिभेला फरक कळणार नाही एवढीच. चीकने आणि स्मिथने वास घेऊन घेऊन जे जमवले होते ते हिशेबनिसांनी चिमटी चिमटीने मोडले. याच काळात जाहिराती मात्र ऐन बहरात होत्या. १९४९ पासून आठ वर्षे चाललेल्या ‘मामा’ या टीव्ही मालिकेत सॅन फ्रान्सिस्कोतले एक नॉर्वेजियन कुटुंब दर भागाच्या शेवटी स्वयंपाकघरात कॉफीच्या किटलीभोवती जमे, आणि तीच जाहिरात असे. पुढे एरिक सिडे या संगीतकाराने किटलीच्या काचेच्या टोपीत उसळणाऱ्या बुडबुड्यांच्या ठेक्यावर एक धून बांधली, आणि ती ऐकून लोकांना वास आल्याचा भास होई. १९७० च्या दशकात १९३९ च्या ‘विझार्ड ऑफ ऑझ’ या चित्रपटातली दुष्ट चेटकीण, म्हणजे मार्गारेट हॅमिल्टन, हिला कोरा नावाची खट दुकानदारीण केले. तिच्या दुकानात दुसरी कॉफीच मिळत नसे. लहानपणी जिला भ्यायचे तिच्याकडून मोठेपणी डबा घ्यायचा, हीही एक उसनवारीच. पण एवढे सगळे होऊनही अमेरिकेतला कॉफीचा खप १९६२ मध्ये माणशी दिवसाला तीन कपांच्या थोडे वर जाऊन तिथून उतरू लागला. तरुण पिढी थंड पेयांकडे वळली. फोल्जर्स या प्रतिस्पर्ध्याने पहिला क्रमांक घेतला. तेव्हा आक्षेपाचे अर्धे म्हणणे खरे ठरते. उसन्या नावावर चवीची तूट काही वर्षे, फार तर एक पिढी, झाकता येते. चवीचे समर्थक उरलेल्या अर्ध्याकडे डोळेझाक करतात. चव गेली म्हणून ज्यांनी कॉफी बदलली, त्यांतल्या अनेकांनी हागादा बदलला नाही.

मालकीची पुढची वंशावळ थोडक्यात सांगितलेली बरी, कारण तिच्यात रस घेण्यासारखे थोडे आहे. १९८५ मध्ये सिगारेटवाल्या फिलिप मॉरिसने जनरल फूड्स घेतली, मग क्राफ्ट आली, २०१५ मध्ये क्राफ्ट हाइन्झ झाली. होबोकनचा निऑनचा कप विझला. नॅशव्हिलमध्ये मात्र एक उलटी गोष्ट घडली होती. जुने हॉटेल जळाल्यावर काही वर्षांनी शहरात दुसऱ्याच जागी एक नवे हॉटेल उभे राहिले आणि त्याने मॅक्सवेल हाउस हे नाव धारण केले. तोवर हे नाव देशभर कॉफीचे म्हणून माहीत झालेले होते, त्यामुळे हॉटेलने आता ते कॉफीकडून घेतले की जळालेल्या पूर्वजाकडून, हे ज्याचे त्याने ठरवावे. जाहिरातवाल्यांनाही या नावातल्या घराची आठवण अजून आहे. २०२५ मध्ये, अमेरिकेत तरुणांना घर घेणे परवडेनासे झाले आणि भाड्याने राहणे हीच रीत झाली तेव्हा, कंपनीने काही काळापुरते डब्यावरचे नाव बदलून मॅक्सवेल अपार्टमेंट असे केले, आणि वर्षभर पुरेल एवढी कॉफी एकदम घेणाऱ्याला सही करायला एक लुटुपुटीचा भाडेकरार दिला. जळण्याआधीच्या दिवसांत त्या मूळ हॉटेलातही भाडेकरूच राहत होते.